सुईला हात पोचत नाही तिथे

विमानाची चाकं जमिनीवरून उचलली की कार्बोरेटरच्या सुया माझ्या राहत नाहीत. ट्रान्समीटरवरून थ्रॉटल हलवता येतो, रडर-एलेव्हेटर हलतात, वेळ पडली तर इग्निशनही बंद करता येतं. पण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण किती रिच (पेट्रोल जास्त) आणि किती लीन (पेट्रोल कमी), हे खाली स्क्रूड्रायव्हरने जे ठरवलं तेच वर कायम. मॉडेल विमानाचं पेट्रोल इंजिन ट्यून करण्यातली सगळी गोडी आणि सगळी जबाबदारी मला इथेच वाटते. कान समोर गुरगुरणाऱ्या इंजिनाकडे असतात, पण विचार चाललेला असतो चारशे फुटांवरच्या इंजिनाचा.

आमच्या विमानांवरचा कार्बोरेटर बहुतेक वेळा वॉल्ब्रो किंवा त्याच धर्तीचा असतो, आणि त्याचा जन्म झाडं तोडायच्या चेन सॉसाठी झाला. मॉडेल विमानांत पेट्रोल त्याआधीही होतं. अमेरिकेत १९३४ मध्ये ब्राउन ज्युनियर हे दहा सीसीचं स्पार्क प्लगवालं इंजिन विकायला आलं. १९४७ मध्ये ग्लो प्लग आला, कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरीचं ओझं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या वासाची झाली. पेट्रोल पुन्हा जोरात परतलं ते करवतीच्या वाटेने. चेन सॉ आडवी, उभी, उलटी कशीही धरली तरी चालावी लागते, म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतो, पडदे असतात. क्रँककेसमध्ये पिस्टनबरोबर दाब वरखाली होतो, त्या ठोक्यांवर एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. दुसरा पडदा इंजिनाने जेवढं ओढलं तेवढंच पेट्रोल आत सोडतो. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा, आणि मध्ये एक इवलीशी तरफ. लूप मारताना, उलटं उडताना जे हवं असतं, नेमकं तेच हा करवतीचा कार्बोरेटर देतो.

कोकणातल्या आमराईत गवत काढणारा ब्रश कटर आणि माझं विमान यांचे कार्बोरेटर म्हणूनच एका घराण्यातले. पडद्याबद्दल शंका आली की मी शेतीच्या अवजारांच्या दुकानात जातो. तिथल्या मेकॅनिकने मॉडेल विमान कधी पाहिलेलं नसतं, पण पडदा नखाने दाबून तो गेला की आहे, हे तो क्षणात सांगतो. या विद्येबद्दल मला फार आदर आहे.

आता सुया. कार्बोरेटरच्या कडेला दोन असतात, एल (लो, कमी फेऱ्यांसाठी) आणि एच (हाय, जास्त फेऱ्यांसाठी). दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडायच्या, ही सुरुवात. इंजिन चांगलं तापल्याशिवाय पुढे सुईला हात लावायचा नाही. विमान मागून धरायला माणूस हवा, आणि आपण प्रॉपच्या मागच्या बाजूला, कधीही त्याच्या पात्यांच्या रेषेत नाही. बावीस इंची प्रॉप मिनिटाला ७००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला दोनशे मीटरहून जास्त वेगाने जात असतं.

पूर्ण थ्रॉटल देऊन एचची सुई थोडीथोडी आवळत गेलं की फेऱ्या चढतात, चढतात, आणि एका टप्प्यावर थांबतात. त्याच्याही पुढे आवळली तर फेऱ्या पडायला लागतात आणि इंजिन आतून भाजायला लागतं. टॅकोमीटरवर सगळ्यात मोठा आकडा दिसला की तिथेच सुई सोडून द्यावी असं कुणालाही वाटेल. मैदानावर नव्याने येणारी मुलं तो आकडा मला मोठ्या आनंदाने दाखवतात, “काका, सात हजार दोनशे!” आणि मी त्यांना त्यातले दोन-तीनशे परत द्यायला लावतो.

कारण सरळ आहे. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमधूनच जातं. चाळीसाला एक या प्रमाणात लिटरला २५ मिलीलिटर. पेट्रोल कमी केलं की तेलही कमी झालं, आणि आतून इंजिन गार ठेवणारं तेही पेट्रोलच. शिवाय विमान धावायला लागलं की समोरची हवा प्रॉपवर आधीच येत असते, त्याचा भार हलका होतो आणि फेऱ्या जमिनीपेक्षा वाढतात. खाली अगदी टोकावर बसवलेलं मिश्रण वर लीन पडतं. सात हजारांतल्या तीनशे फेऱ्या सोडल्या तर जागच्या जागी ओढ साधारण आठ टक्क्यांनी कमी होते, हे खरं. पण सरळ वर चढणाऱ्या विमानाला शेवटच्या शंभर फुटांत दम टिकवणारं इंजिन लागतं, आणि ते या आठ टक्क्यांत मिळतं.

एल सुईला बरेच जण दुय्यम समजतात. आयडल नीट लागलं की झालं, असं मानतात. पण पूर्ण थ्रॉटलवरही एलच्या भोकांमधून थोडं पेट्रोल जातच असतं. एल बदलली की एचही बदलली. म्हणून एल लावल्यावर पुन्हा एचकडे, आणि पुन्हा एलकडे. परीक्षा एकच: इंजिन पंधरा-वीस सेकंद आयडलवर ठेवायचं आणि झटकन पूर्ण थ्रॉटल द्यायचा. क्षणभर श्वास अडकल्यासारखं होऊन विझायला आलं तर एल लीन. धूर काढत, अडखळत, ओलं ओलं उचललं तर रिच. मधल्या थ्रॉटलला एकाआड एक फट्‌फट् ऐकू येत असेल तर तीही एलचीच तक्रार असते.

टॅकोमीटर मी वापरतो, पण खरं माप कानाचं. माझ्या पन्नास सीसीच्या इंजिनाला दोन पात्यांचा प्रॉप आहे. ७००० फेऱ्यांना इंजिनाचे सेकंदाला ११७ स्फोट होतात आणि प्रॉपची पाती २३३ वेळा हवा कापतात. २३३ म्हणजे पेटीवरची काळी पाच, आणि ११७ म्हणजे तिचाच खालच्या सप्तकातला सूर. एका यंत्रातून एक सप्तक अंतरावरचे दोन षड्ज सतत निघत असतात, हे ज्या दिवशी ध्यानात आलं त्या दिवसापासून माझं ट्यूनिंग बदललं. तीनशे फेऱ्या सोडणं म्हणजे अर्ध्या सुराच्याही थोडं आत उतरणं, पाऊण अर्धसूर म्हणा. सुई रिचकडे नेताना तेवढी उतरण ऐकू आली की मी थांबतो. ज्याने थोडंफार गाणं ऐकलं आहे त्याला हे जमतं.

विमान वर गेल्यावर मात्र कान फसतो. विमान सेकंदाला तीस मीटर वेगाने डोक्यावरून गेलं तर जवळ येतानाचा आणि लांब जातानाचा सूर यांत तीन अर्धसुरांचा फरक पडतो, इंजिनात काहीही बदललेलं नसताना. म्हणून मी आकाशातली एक जागा धरतो, समजा त्या टेकडीवरच्या टॉवरच्या रेषेत, आणि प्रत्येक फेरीत विमान तिथे आलं की सूर ऐकतो. त्याच जागी, त्याच दिशेने, त्याच थ्रॉटलला सूर उतरायला लागला तर इंजिन तापतंय. तेव्हा थ्रॉटल कमी करून उतरायचं, पुढची कसरत दाखवायची नाही.

स्टँडवर उत्तम चालणारं इंजिन त्यावर काऊलिंग, म्हणजे आवरण, चढवून उडवलं की वेगळंच वागतं, याचं एक कारण मला अजूनही विलक्षण वाटतं. मघाशी म्हटलं त्या दुसऱ्या पडद्याच्या एका अंगाला बाहेरची हवा असते. ती आत येते कार्बोरेटरच्या झाकणावरच्या टाचणीएवढ्या भोकातून. काऊलिंगमध्ये शिरणारा वारा थेट त्या भोकावर आदळला, तर पडदा दाबला जातो, तरफ उघडते आणि इंजिनाला नको असलेलं पेट्रोल मिळतं. भोक अशा कोपऱ्यात आलं की जिथून हवा खेचली जाते, तर उलट, मिश्रण लीन होतं, आणि तेही वेग वाढेल तसं जास्त. जमिनीवर कितीही सुया फिरवा, हे सापडणार नाही, कारण जमिनीवर तो वाराच नसतो. ओळखीतल्या एका चांगल्या उडवणाऱ्याने या दुखण्यापायी प्लग बदलला, इग्निशन बदललं, टाकीची नळी बदलली. अखेर झाकणावर पितळेची बारीक नळी झाळून तिचं दुसरं तोंड विमानाच्या पोटात, निवांत हवेत नेलं, आणि इंजिन सुधारलं. मी आता प्रत्येक नव्या इंजिनाला हे आधीच करतो. दोन सुया म्हणजे कार्बोरेटर असं आपण मानतो, पण ते भोक ही तिसरी सुई आहे आणि ती वारा फिरवतो.

हवाही रोज तीच नसते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. मुंबईपेक्षा इथली हवा पाचेक टक्क्यांनी विरळ. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी ती आणखी आठ टक्क्यांनी विरळ होते. विरळ हवेत तीच सुई रिच पडते. ते फारसं धोक्याचं नाही, जोर कमी मिळतो इतकंच. धोका उलटा आहे: दुपारी लावलेली सुई थंडीतल्या पहाटे तशीच ठेवून उडवणं.

त्यात आता पेट्रोल बदललं आहे. आपल्याच उसाच्या पट्ट्यातलं इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत त्यात येतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच, पण माझ्या कार्बोरेटरला वेगळा हिशोब मांडावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरतं जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या पेट्रोलवर लावलेली सुई नव्या पेट्रोलवर लीन. पंपावरून आणलेलं पेट्रोल मी मोजपात्रात तपासतो: वीस मिलीलिटर पाणी, वर ऐंशी मिलीलिटर पेट्रोल, हलवून ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वीसच्या वर चढतो. किती चढला त्यावरून सुईची सुरुवात कुठून करायची ते कळतं. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं, हा नियम मी कधीच मोडत नाही. हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतं, आणि पडदे त्यातच कडक होतात.

ट्यूनिंगचा विचार करताना मला मेनार्ड हिल आठवतो. अमेरिकन माणूस, वय ७७, डोळ्यांनी जवळजवळ अंध, ऐकूही कमी येणारं. ९ ऑगस्ट २००३ रोजी त्याने कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावरून बाल्सा लाकडाचं एक मॉडेल विमान हाताने फेकलं. ११ तारखेला, ३८ तास ५२ मिनिटांनी, ते आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ उतरलं. सुमारे ३०३० किलोमीटर, सगळा अटलांटिक. इंधनासह वजन पाच किलोंच्या आत, त्यातलं जवळपास निम्मं इंधनाचं. इंजिन दहा सीसीचं, ओ.एस. कंपनीचं फोर-स्ट्रोक, मुळात ग्लो प्लगवर चालणारं. हिलने ते स्पार्कवर आणलं आणि कंदिलात जाळतात त्या स्वच्छ नॅफ्थावर चालवलं. अख्ख्या प्रवासाला एका अमेरिकन गॅलनहून, म्हणजे पावणेचार लिटरांहूनही कमी इंधन लागलं. तासाला १०० मिलीलिटरही नाही. माझं इंजिन दहा मिनिटांच्या कसरतीत याहून जास्त पितं.

त्या इंजिनात हिलने फेऱ्यांचा पाठलाग केला नाही. एका तासाला किती ग्रॅम इंधन, हाच त्याचा प्रश्न होता, आणि रात्रीची थंड हवा, दिवसाचं ऊन, हलकं होत जाणारं विमान, या सगळ्यांतून ते एक मिश्रण टिकवायचं होतं. अडतीस तास त्या सुईला कुणाचाही हात पोचणार नव्हता.

या पावसाळ्यात उडवणं बंद राहील तेव्हा मी माझं लहान इंजिन स्टँडवर बांधणार आहे. टाकी वजनकाट्यावर, नळी सैल सोडलेली, जोडीला टॅकोमीटर. थ्रॉटल एकाच जागी धरून सुई थोडीथोडी हलवायची आणि दर पाच मिनिटांनी काट्यावरचा आकडा वहीत मांडायचा. कमाल फेऱ्यांपासून किती खाली आल्यावर पेट्रोल सगळ्यात कमी लागतं, आणि तिथे सिलिंडरचं तापमान किती असतं, एवढं मला बघायचं आहे.