चित्त्याला धडे देणारी गल्ली

जयपूरला जाणारा पर्यटक हवामहल पाहतो, आमेरच्या किल्ल्यावर जातो, जोहरी बाजारात बांधणीची साडी घेतो आणि परततो. बडी चौपडवरून पूर्वेकडे वळून रामगंज बाजारात शिरणारे फार थोडे. या बाजारात मोजड्यांची दुकाने आहेत, आतल्या गल्ल्यांत रत्नांना पैलू पाडणारे कारागीर बसतात. याच भागात एका मोहल्ल्याचे नाव आहे चीतावालान, म्हणजे चित्तेवाल्यांचा मोहल्ला. नाव ऐकून नवखा माणूस हसतो. पण हे नाव गमतीने पडलेले नाही. जयपूर दरबारचे शिकारी चित्ते सांभाळणारी आणि त्यांना शिकवून तयार करणारी कुटुंबे येथे राहत असत.

सवाई जयसिंह दुसरे यांनी 1727 मध्ये हे शहर वसवले. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांची मदत झाली. सरळ रुंद रस्ते, नऊ चौकड्या आणि भोवती तट, म्हणून जुन्या शहराला आजही सगळे चारदीवारी म्हणतात. 2019 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. येथे वस्त्यांना धंद्यांची नावे आहेत. मणिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्यांचा, ठठेरों का रास्ता भांडी घडवणाऱ्यांचा, खजानेवालों का रास्ता संगमरवरी मूर्तींचा. तेथे आजही तीच कामे चालतात. चित्तेवाल्यांच्या मोहल्ल्यात मात्र नाव उरले आहे, चित्ता नाही.

खाटेवरचा पाहुणा

येथे एक खुलासा हवा. आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात, पण हे दोन वेगळे प्राणी. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुले असतात; चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते. चित्ता डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. ताशी सुमारे शंभर किलोमीटरच्या वेगाने तो धावतो, पण काहीशे मीटरमध्येच दमतो. स्वभावाने तो भित्रा आहे. म्हणूनच माणसाने त्याला हाताशी धरले.

हे धडे कसे दिले जात, याचे बारकाईने केलेले वर्णन जॉन लॉकवूड किपलिंग यांच्या 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मिळते. प्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे ते वडील आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षक. नव्याने पकडलेल्या चित्त्याला दोरखंडांनी खाटेला जखडून ठेवत. डोळ्यांवर टोपी चढवलेली असे. खाट मुद्दाम रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवत, म्हणजे वर्दळीचे आवाज सतत कानावर पडावेत. त्याला उपाशी ठेवत, झोपू देत नसत. रखवालदार त्याच्यासमोर फडकी आणि काठ्या नाचवत. घरातल्या बायका-मुलांकडे आणखी एक काम असे : चित्त्याजवळ बसून अखंड बोलत राहायचे. त्याला जागे ठेवायला बायकांच्या बोलण्यासारखा उपाय नाही, अशी समजूत होती!

मग त्याला भरबाजारातून फिरवून आणत. चौघे जण चारी बाजूंनी दोर धरत आणि मध्ये चित्ता पाऊल टाकी. हळूहळू माणसांचा गलबला त्याच्या अंगवळणी पडे. पुढे पुढे तर रखवालदार आणि चित्ता एकाच खाटेवर, एकाच पांघरुणात झोपत. जनावर चुळबुळ करू लागले, की रखवालदार पडल्या पडल्याच त्याच्या डोक्यावर एक गोंडा हलवी आणि ते शांत होई.

पळीभर रक्ताचा सौदा

शिकारीच्या दिवशी चित्त्याला बैलगाडीतून रानात नेत. काळविटांना शेतात बैलगाड्या रोज दिसत, त्यामुळे ते बिचकत नसत. गाडी पुरेशी जवळ गेली, की टोपी काढायची, हरीण दाखवायचे आणि दोर सोडायचा. सारा खेळ काही क्षणांचा. पहिल्या झेपेत हरीण हाती लागले नाही, तर चित्ता पाठलाग सोडून देई.

खरी कसोटी त्यानंतर असे. हरिणाच्या गळ्यात दात रुतवून बसलेल्या जनावराला दूर कसे करायचे? ओढून ते सुटणार नाही. रखवालदार लाकडी पळीत ताजे रक्त घेऊन त्याच्या तोंडापुढे धरी. चित्ता पळीकडे वळला, की डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीत बसवायचे. घे आणि सोड, असा हा सौदा. तो जमला नाही तर पुढची शिकारही नाही.

सांगानेरची उडी

जयपूर वसण्यापूर्वीपासून या परिसरात चित्त्यांची शिकार चाले. आज विमानतळ आणि हाताने छापलेल्या कापडासाठी ओळखले जाणारे सांगानेर जयपूरच्या दक्षिणेला आहे. 1572 मध्ये तेथे अकबर बादशहाची शिकार चालू होती. त्याच्या एका आवडत्या चित्त्यासमोर पंचवीस यार्ड रुंदीची घळ आली. हरिणाने उडी घेतली, पाठोपाठ चित्त्यानेही घेतली आणि पलीकडे हरीण पकडले. बादशहाने खूश होऊन त्याला सर्व चित्त्यांचा प्रमुख केले आणि त्याच्यापुढे नगारा वाजवण्याचा मान दिला, असे अबुल फजल लिहितो. अकबरनाम्यातले या प्रसंगाचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पूर्वी चित्ता तयार व्हायला तीन महिने लागत, अकबराच्या देखरेखीखाली तो अठरा दिवसांत तयार होऊ लागला, असेही अबुल फजलने नोंदवले आहे.

हा शौक महाराष्ट्रालाही अनोळखी नव्हता. कोल्हापूर संस्थानातली चित्त्यांची शिकार देशभर गाजलेली होती. तेथे चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. विसाव्या शतकात भारतातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. म्हणजे शिकवणारे हात होते, पण शिकणारा आपल्या रानात उरला नव्हता.

शिकवणीची किंमत

असे का झाले? चित्त्याची पिल्ले शिकार करायला आईकडून शिकतात. माणसाने लहानपणापासून वाढवलेला चित्ता शिकारीला निरुपयोगी ठरे. म्हणून पूर्ण वाढलेला, रानात तयार झालेला चित्ताच पकडत. ज्या झाडांवर चित्ते नखे घासायला येतात, तेथे फास लावले जात. म्हणजे रखवालदाराने शिकवायचे ते माणसाजवळ राहणे. शिकार त्याच्या आईने आधीच शिकवलेली असे.

त्यातच बंदिवासात चित्त्यांना पिल्ले होत नसत. एवढ्या चित्त्यांच्या मोगल दरबारातही एकाच वेळी पिल्ले झाल्याची नोंद आहे, ती जहांगीरच्या काळातली. त्यानंतर बंदिवासात पिल्ले जन्मली ती थेट 1956 मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. त्यामुळे खाटेवर आलेला प्रत्येक चित्ता रानातून कायमचा वजा होई. त्यात भर पडली ती बंदुकीची आणि गवताळ रानांवर फिरलेल्या नांगराची. 1947 च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि 1952 मध्ये भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. ज्या जनावरावर मोहल्ल्याची चूल पेटत होती, तेच संपले.

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो येथे आणले गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा आले. काही चित्ते दगावले, पण कुनोत पिल्लेही जन्मली. त्यांना कोणी खाटेला बांधणार नाही. त्यांचा धडा आता उलटा आहे : माणसापासून दूर राहणे.

धावण्याचा दुसरा शाळकरी

गल्लीत आता उन्हात पसरलेली कुत्री दिसतात. कुत्रा माणसाजवळ राहू लागला त्याला किमान 15,000 वर्षे झाली, आणि त्याची शिकवणी चित्त्याहून फार सोपी आहे. परदेशात कुत्र्यांचा फ्लायबॉल नावाचा खेळ आहे. 1970 च्या सुमारास अमेरिकेत तो सुरू झाला. चार कुत्र्यांचा एक संघ. प्रत्येकाने चार अडथळे ओलांडून 51 फुटांवरच्या पेटीपर्यंत पळायचे, पंजाने पेटी दाबून उडालेला चेंडू पकडायचा आणि तसेच परत यायचे, मग पुढच्याने सुटायचे.

त्याचे पायाभूत धडे ऐकले, तर चित्तेवालाही मान डोलावेल. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, गर्दीच्या गोंगाटाला न बिचकणे, सोडले की नेमके लक्ष्य गाठणे आणि तोंडातली वस्तू सोडून देणे. शेवटचा धडा तर तोच जुना सौदा. कुत्र्याच्या तोंडातून चेंडू हिसकावू नये. दुसऱ्या हातात खाऊ किंवा आवडते खेळणे धरावे, चेंडू सोडला की ते लगेच द्यावे. धडा पाच मिनिटांचाच असावा आणि कुत्रा कंटाळण्याआधी संपवावा. पिल्लाची हाडे पक्की होईपर्यंत उंच उड्या मारायला लावू नयेत.

फरक आहे तो सुरुवातीचा. चित्त्याचा पहिला धडा भूक आणि जागरणाचा होता, कुत्र्याचा पहिला धडा हाक मारल्यावर आनंदाने जवळ येण्याचा. उपाशी ठेवून किंवा मारून शिकवलेले जनावर संधी मिळताच पळते. खेळवून शिकवलेला कुत्रा दोर सोडला तरी परत येतो. घरात कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

जयपूरला जायचे तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मुंबईहून थेट गाडी आहे. 2020 पासून मेट्रो बडी चौपडपर्यंत येते, तेथून रामगंज बाजार चालत गाठता येतो. चीतावालानमध्ये तिकीट काढून पाहण्यासारखे काही नाही. हा राहता मोहल्ला आहे, तेव्हा दारात डोकावून छायाचित्रे काढू नयेत. मुले बरोबर असतील, तर त्यांना या नावाचा अर्थ मात्र जरूर सांगावा.