कोटवाराच्या वहीतली नोंद

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहून मी चाळीस वर्षे वकिलाकडे कारकुनी केली. लोकांचे जबाब, पंचनामे, त्यांच्या नकला लिहिता लिहिता बोटांना घट्टे पडले. पण आयुष्यातला पहिला जबाब मी स्वतःच दिला होता. १९६६ च्या आषाढात, वयाच्या अकराव्या वर्षी. तो खोटा होता असे आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तो माझा नव्हता, एवढे मात्र खरे.

मधली मावशी आखाजीला माहेरी आली होती. लग्नाला चौथे वर्ष, मूलबाळ नाही. आमच्या भागात आखाजीला लेकी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चार दिवसांनी डोळे पुसत परत जातात. मावशी मात्र महिनाभर राहिली. आली तेव्हा अंगात त्राण नव्हते. अन्न पोटात ठरत नसे. तळपायांना मुंग्या येतात म्हणायची. आजी रोज संध्याकाळी तिला ओसरीत बसवून तेल लावी, वेणी घाली, आणि फणीला आलेले केस पाहून गप्प होई. केसांवर सुया-दाभण देणारी बाई गल्लीत यायची, तिच्यासाठी ते गुंतवळ कोनाड्यात ठेवले जाई. मावशीच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. मी विचारले तर हसून म्हणाली, "नवं लुगडं मिळणार आहे मला."

महिन्याभरात ती सुधारली. चेहऱ्यावर तकाकी आली. ज्येष्ठात सासरचे बोलावणे आले, तेव्हा शाळा उघडायला अवकाश होता म्हणून सोबतीला मला पाठवले. गाव तापीकाठचे, नाव घेत नाही. पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका रात्री तिला उलट्या सुरू झाल्या, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मला दुसऱ्या खोलीत निजवले. पहाटे ती गेली. पावसाचे आभाळ होते म्हणून दुपारच्या आत सारे उरकले.

संध्याकाळी कोटवार वही घेऊन ओट्यावर आला. त्या काळी गावातला जन्म-मृत्यू तोच लिहायचा आणि ठाण्यावर कळवायचा. त्याने घरच्यांना विचारले नाही. मलाच म्हणाला, "पोरा, तू माहेरचा ना? सांग, काय झालं होतं?" मावशीची सासू दारात उभी होती. "सांग रे बाळा, पटकी झाली होती ना?" मी म्हणालो, "हो, पटकी." त्याने तो शब्द लिहिला आणि वही मिटली.

तिसऱ्या दिवशी आजी आणि मामा आले. आजी रडली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "गावात आणखी कुणाला झाली पटकी?" कोणाला झाली नव्हती. एकाच विहिरीचे पाणी सारे गाव पीत होते, आणि पटकी एकटीलाच झाली होती. मामा म्हणाले, "आई, गप. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." आजी गप्प बसली. घरी आल्यावर तिने कोनाड्यातले केस काढले, चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि डबा ट्रंकेच्या तळाशी घातला. केस घेणारी बाई पुढे कितीदा आली, तिला ते मिळाले नाहीत.

पुढे मी कारकुनीला लागलो. वकीलसाहेबांच्या कपाटात मोदींचा वैद्यकीय न्यायशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ होता. एका मर्गच्या प्रकरणात पाने चाळताना सोमलाचे प्रकरण निघाले. थोडा थोडा सोमल पोटात गेला तर अन्न ठरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, केस गळतात, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. एकदम मोठी मात्रा गेली तर सारी लक्षणे पटकीसारखी दिसतात. मी पुस्तक मिटले आणि बाहेर जाऊन चहा प्यालो. त्या दिवशीच्या नकलेत माझ्या हातून चार चुका झाल्या.

तेव्हापासून या गावाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पाहुणे आले की मुमताजची चौकशी करतात. १६३१ साली ती इथे बाळंतपणात गेली आणि तापीपलीकडे जैनाबादेत तिला प्रथम पुरले, हे सर्वांना ठाऊक असते. खुसरोबद्दल फारसे कोणी विचारत नाही. जहांगीराचा हा थोरला मुलगा. १६०६ च्या बंडानंतर त्याची दृष्टी अधू केली गेली. पुढे तो भावाच्या, म्हणजे खुर्रमच्या ताब्यात दिला गेला आणि १६२२ च्या सुरुवातीस इथे बऱ्हाणपुरात मेला. खुर्रमने बापाला कळवले की तो पोटशुळाने गेला. जहांगीराने आपल्या रोजनिशीत तोच शब्द उतरवला. त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत मात्र खुनाचा संशय नोंदलेला आहे. पुढे खुसरोचे प्रेत उकरून आग्र्याला नेले, तिथून अलाहाबादला, आणि आईशेजारी पुरले. मुमताजलाही असेच उकरून नेले. थोरामोठ्यांसाठी बऱ्हाणपूरची माती दोनदा उकरली गेली, पण तपासासाठी एकदाही नाही.

दुसरा मृत्यू तर आपल्या इतिहासाला लागूनच आहे. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह दक्षिणेतून परत बोलावले गेले आणि १६६७ साली वाटेत बऱ्हाणपुरात वारले. तापी-मोहनेच्या संगमावर त्यांची छत्री आहे. मौका पाहणीला जाता-येता मी कितीदा तिथे टेकलो असेन. वृद्ध, आजारी, अपमानित माणूस होता, आपल्या मरणाने गेला, असे म्हणता येते. पण टॉडने लिहून ठेवले आहे की औरंगजेबाच्या फुशीने धाकटा मुलगा कीरतसिंह याने बापाच्या अफूत विष कालवले. कोणी मुनशी उदयराजावर संशय घेतला. खरे कोणते, ते आता ठरायचे नाही. दहन झाले, राख नदीत गेली. सोमल खात्रीने ओळखता येईल अशी कसोटी जेम्स मार्शने शोधली ती १८३६ साली.

पुरलेले प्रेत मात्र उशिरा का होईना, बोलू शकते. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने ते बाहेर काढता येते, आणि आपल्याकडे त्याला मुदतीची अट नाही. सोमलासारखे खनिज विष केसांत, नखांत, हाडांत वर्षानुवर्षे टिकते. मात्र प्रेताच्या वरची, खालची आणि बाजूची मातीही वेगळी बांधून पाठवावी लागते. सोमल मातीतूनच प्रेतात झिरपला असेल तर निष्पापाच्या गळ्यात फास पडायचा. अमेरिकेचे अध्यक्ष झॅकरी टेलर १८५० साली पोटाच्या विकाराने वारले. विषप्रयोगाची कुजबूज एवढी लांबली की १९९१ साली त्यांचे अवशेष बाहेर काढून तपासले गेले. सोमल निघाला, पण कोणाही माणसाच्या शरीरात असतो तेवढाच. एकशे एकेचाळीस वर्षांनी संशय मिटला. फेरतपासाने आरोपी सापडतो, तसा निर्दोषही सुटतो. हे दुसरे काम आपल्या ध्यानात राहत नाही.

आणि विष सापडलेच नाही तर? याचे उत्तर मला कपाटातल्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९६० च्या खंडात मिळाले. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचे प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. विधवा बाई, मधुमेह, आणि घरातच भाडेकरू असलेले डॉक्टर अनंत चिंतामण लागू. नोव्हेंबर १९५६ मध्ये उपचारासाठी म्हणून ते त्यांना रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेले. बाई बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोचल्या आणि त्याच दिवशी वारल्या. नाव भलतेच नोंदवले गेले, प्रेत बेवारस पडले. तपासणीत विष निघाले नाही. इकडे बाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली की आपण पुन्हा लग्न केले, दूर सुखात आहोत. नातलगांना ती पटली नाहीत आणि तिथून सारे उलगडले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे आमच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश. विष सापडले नाही तरी माणसाची वागणूक पुरावा होऊ शकते, असे त्यांनी मानले. एका न्यायमूर्तींना ते पटले नाही, आणि त्यांचे वेगळे मतही तिथेच छापलेले आहे. मी दोन्ही मते पुन्हा पुन्हा वाचली. त्या पत्रांवर विश्वास ठेवून नातलग स्वस्थ बसले असते तर दोन्हींपैकी एकही लिहावे लागले नसते.

आमच्याकडे खोटे नाव माणसाला नव्हे, आजाराला दिले गेले असेल, आणि आम्ही स्वस्थ बसलो. कायद्याची वाट तेव्हाही होती. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचे कलम १८९८ च्या संहितेत १७४ होते, १९७३ च्या संहितेत १७४ च राहिले, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १९४ झाले. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीने मेली, किंवा तिच्या नातलगाने मागणी केली, तर प्रेत तपासणीला पाठवावे, ही तरतूद १९८३ ची. मावशीला ती सतरा वर्षे उशिरा आली. पण ठाण्यावर कोणी गेलेच नाही तर कलम घरी चालत येत नाही.

आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. तळाशी डबा होता. केस अजून काळे होते. मी तो एका निवृत्त डॉक्टर मित्राकडे नेला. त्याने झाकण उघडले आणि शांतपणे बंद केले. म्हणाला, "केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. हात-दीड हात लांब केस म्हणजे चार-पाच वर्षांची रोजनिशी. शेवटच्या रात्रीचं यात काही नाही, पण आधी काही घडलं असेल तर सापडू शकतं. मात्र सापडलं तरी तू काय म्हणशील? मूल व्हावं म्हणून वैदूने मल्लसिंदूर दिला असेल. त्यातही सोमलच असतो. विहिरीचं पाणी तपासलं नव्हतं. नखांवरच्या रेघा मोठ्या तापानंतरही येतात. आणि हे केस तिचेच, हे शपथेवर कोण सांगणार?"

"मी."

"तू तर पटकी सांगितली होतीस," तो म्हणाला. त्याला टोचायचे नव्हते. उलटतपासणीत दुसरा वकील हेच विचारील, एवढेच त्याला सुचवायचे होते.

त्या घरातली त्या वेळची मोठी माणसे आता कोणी उरलेली नाहीत. शिक्षा कोणाला व्हायची? म्हणून मी डबा घेऊन धाकट्या मावशीकडे गेलो. तिच्या लग्नासाठी सारे गप्प बसले होते, ती आता ऐंशीच्या घरात आहे. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ डब्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्यासाठी गप्प बसले म्हणतोस. मला विचारलं होतं का कुणी? मी बिनलग्नाची राहिले असते रे." थोड्या वेळाने म्हणाली, "तपासायचं तर तपास, नाही तर नको. पण उगाच कुणाला खुनीही म्हणू नकोस. आणि आता पटकी म्हणू नकोस, बस."

मी घरी आलो आणि पहिल्यांदा स्वतःचा जबाब लिहायला बसलो. काय पाहिले ते लिहिले. काय ऐकले ते वेगळे लिहिले. कोणी काय वदवून घेतले तेही लिहिले. जे पाहिले नाही, तिथे पाहिले नाही असे लिहिले. दोन पाने झाली. डब्यावर तारीख घालून कागद चिकटवला, धाकट्या मावशीची सही घेतली. अर्जाचा मसुदाही तयार आहे. तो द्यायचा की नाही, ते तिच्या हयातीत तीच ठरवील.

यंदा आखाजीला नातीने जुन्या फोटोत मावशीला पाहून विचारले, "आजोबा, ही कोण? ही कशाने गेली?" साठ वर्षे या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होते. ते ओठावर आलेही. मी ते गिळले आणि म्हणालो, "माहीत नाही, बेटा. विचारायला हवं होतं, आम्ही विचारलं नाही." ती म्हणाली, "मग आता विचारा ना."