रेशनकार्ड कुणाकडं आहे?

विधी स्वयंसेवकाचं ओळखपत्र मिळालं तेव्हा वाटलं, आता आपल्याकडं बांधाची नाहीतर पोटगीची भांडणं येणार. मला बसवलं नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात. तिथं कायद्याचं काय काम, हे मलाच उमजेना. लोक विचारायचे, "ताई, इंजेक्शन कुठं देतात?"

मग एक बाई आल्या. नवऱ्याला हैदराबाद रस्त्यावर टेम्पोनं उडवलेलं, इथून सोलापूरला हलवलेलं. तिथलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल अनामत मागत होतं. बाई रेफरची चिठ्ठी न्यायला परत आल्या होत्या.

प्रशिक्षणातलं मला पाठ होतं. धर्मादाय संस्थांच्या कायद्याचं कलम ४१ कक. त्याखाली हायकोर्टानं २००६ साली मान्य केलेली योजना. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत. अशा रुग्णांकडून अनामत घ्यायची नाही. एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं अन् विचारलं, "म्हंजे मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला तुळजापूरला जाऊ, का ह्यांच्यापाशी बसू?"

याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं.

फोनाफोनी केली. दाखलाच हवा असं नाही, पिवळं रेशनकार्डही चालतं. पण कार्ड सासूबाईंच्या पेटीत, पेटीची किल्ली दिराकडं, दीर उसाच्या फडात. शेवटी ते एसटीतल्या ओळखीच्या माणसाच्या हाती सोलापूरला पोचलं. मोबाइलवरचा फोटो खिडकीवरच्या माणसाला चालला नव्हता. कार्ड बघून मात्र अनामतीची मागणी मागं घेतली.

पुढं वाचनात आलं की बॉस्टनच्या एका सरकारी इस्पितळात बालरोगतज्ज्ञांनी १९९३ सालीच वकील सोबत घेतले होते. घरातली ओल घरमालक काढत नसेल तर पोराच्या दम्याला नुसतं औषध किती पुरणार? आपल्याकडं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र आहे. 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिकेनं ते २००० च्या सुमारास उभं केलं. पट्टी बांधणारे अन् सल्ला देणारे एकाच छपराखाली. नळदुर्गला त्यातलं एक टेबल आहे, आणि त्यामागं गोंधळलेली मी.

नवरा घरी आल्यावर बाई पुन्हा आल्या. पिशवीतून पंचनाम्याची प्रत काढली. "टेम्पोवाल्याचं काय करायचं, ताई?" हे काम वकिलाचंच. बाईमाणसाला उत्पन्न न बघता तो मोफत मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. अर्ज भरायला घेतला. आधारवर त्यांचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरंच.