आकडा मी लिहून दिला होता

"वरिष्ठांनी सर्व कर्मचाऱ्यांसमक्ष वारंवार विचारणा करूनही आपण जाणीवपूर्वक उत्तर दिले नाही व परवानगीशिवाय जागा सोडून गेलात. याबाबत आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा."

मला आलेल्या नोटिशीतल्या या पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खोटा आहे. मी उत्तर दिलं होतं. आकडा पॅडवर लिहून साहेबांपुढे सरकवला होता आणि तोच आकडा त्या रात्री ताळेबंदात गेला. नोकरीत बोलणी पुष्कळ खाल्ली, बरीचशी विसरलेही. हे विसरता येत नाही.

मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत हिशेब विभागात आहे. शाखाशाखांतल्या नोंदी जुळवणं, सस्पेन्स खात्यात अडकलेल्या रकमा मोकळ्या करणं हे माझं काम, आणि त्यात मला गती आहे. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला की बहुधा कुणाच्या तरी हातून दोन आकडे उलटसुलट पडलेले असतात, 540 चे 450 झालेले असतात. ती नोंद मला फार शोधावी लागत नाही. मी स्वमग्न आहे हे चाळिशीच्या तोंडावर कळलं. बहिणीच्या मुलाचं निदान चालू होतं, त्याच्यासाठी आणलेल्या प्रश्नावलीत निम्मं माझं बालपण होतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे रीतसर तपासणी झाली, त्यांनी लेखी निदान दिलं. कचेरीत मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. काम चोख होत होतं, मग सांगायचं कशाला?

तोवर माझी जागा भिंतीकडच्या कोपऱ्यात, दोन लोखंडी कपाटांच्या आड होती. मग नूतनीकरण निघालं. भिंती गेल्या, कपाटं गेली, सगळा मजला एक झाला. माझं टेबल मधोमध आलं. एका अंगाला काचेपलीकडे रोकड विभागाचं नोटा मोजायचं मशीन, पाठीमागे येण्याजाण्याची वाट, डोक्यावर दिव्यांची रांग. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकच्या ट्यूबा आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. बहुतेकांना ते कळतही नाही. मला दुपारपर्यंत डोळ्यांमागे ठणका लागतो. हे माझे लाड नाहीत. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांबद्दल जो निबंध लिहिला, ज्यापासून स्वमग्नतेचा अभ्यास सुरू झाला असं मानतात, त्यातही मोठ्या आवाजांनी हादरणारी मुलं आहेत. तरी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणं हा स्वमग्नतेचा स्वतंत्र निकष व्हायला 2013 साल उजाडलं. मध्ये 70 वर्षं गेली. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल, कुठल्या कचेरीत ती बसली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बँकेतली 31 मार्चची रात्र ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको. शाखांचे फोन स्पीकरवर, वडापावचे पुडे, चहा, प्रिंटर, प्रत्येकाला आपला आकडा आधी हवा. त्या रात्री छताचं उरलेलं कामही चालू होतं आणि मधूनच ड्रिल सुरू व्हायचं. मी सकाळपासून बसले होते. संध्याकाळनंतर आवाज वेगवेगळे ऐकू येईनासे झाले. ड्रिल, मशीन, माणसं, सगळं सारख्याच जोराने यायला लागलं. असं झालं की मी उठून जिन्यात जाते, दहा मिनिटांत परत येते. त्या रात्री उठायला सवड नव्हती. एका बाजूने सहकारी शाखेचा कोड विचारत होती, दुसऱ्या बाजूने लेखापरीक्षकांचा मुलगा व्हाउचर मागत होता. तेवढ्यात साहेबांनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, सस्पेन्सचा अंतिम आकडा किती?"

माझी वाचा गेली. ज्याला हा अनुभव नाही त्याला हे पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. प्रश्न मला कळला होता. आकडा पैशांसकट डोक्यात होता. साहेबांचा राग आला नव्हता, त्यांची भीतीही वाटत नव्हती. फक्त शब्द तोंडापर्यंत येत नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, त्यामुळे ते आणखी कठीण झालं. मी पॅड ओढलं, आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पॅड त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी त्याकडे पाहिलं. पाहिलं हे मी पाहिलं. मग म्हणाले, "तोंड आहे ना? तोंडाने सांगा." मी बोट दाखवावं तसं पेनाने आकड्याकडे दाखवलं. "सगळ्यांसमोर नाटकं कसली करता?" मग मी उठले, जिना उतरून रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि अंधारात जुन्या लेजरांच्या मांडणीला पाठ लावून बसले. वाचा परत आल्यावर वर आले आणि राहिलेलं काम पुरं केलं. नोटिशीत पॅडचा उल्लेख नाही. मी परत येऊन काम संपवल्याचाही नाही.

मला अजून कळत नाही की वरिष्ठाला हवं काय असतं. आकडा हवा असेल तर तो मिळाला होता. सगळ्यांच्या देखत आपल्याला उत्तर दिलं जाणं हवं असेल, तर त्याला हिशेबाचं काम म्हणू नये. आपल्या कचेऱ्यांत कामापेक्षा काम करतानाचा चेहरा जास्त मोजला जातो. नजरेला नजर दिली नाही की माणूस लबाड, हसलं नाही की आखडू, हळदीकुंकवाला थांबलं नाही की शिष्ट. नजर देण्याऐवजी समोरच्याच्या भुवयांकडे बघायचं हे मी शाळेत असतानाच शिकले होते. दिवसभर हा मुखवटा सांभाळायचा आणि वर सस्पेन्सही जुळवायचं. थकवा खरा त्याचा असतो.

खुलाशासोबत मी निदानाचं पत्र जोडलं. उत्तर आलं की शासकीय दिव्यांगत्व प्रमाणपत्र सादर करावं. त्यासाठी आपल्याकडे इसा नावाची मोजपट्टी आहे. तिच्यात 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण, आणि एकूण 70 च्या खाली आलात तर तुम्ही स्वमग्न नाही. नजर टाळणं, हसण्याला प्रतिसाद न देणं, ऐकलेले शब्द तसेच परत म्हणणं, असं बाहेरून दिसणारं ती मोजते. जन्मभर हे सगळं लपवायला शिकलेली बाई तिच्यात कशी सापडणार? मी त्या वाटेला गेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं आहे की वाजवी सोयींचा हक्क दिव्यांगत्व किमान 40 टक्के असण्याच्या अटीला बांधलेला नाही. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, परीक्षेला लेखनिक हवा होता. त्या निकालाचा उल्लेख मी दुसऱ्या खुलाशात केला. शेवटी "यापुढे असे घडू नये" अशी लेखी ताकीद मिळून प्रकरण मिटलं. ताकीद माझ्या फाइलला आहे.

यातून एक झालं की माझं सगळ्यांना कळलं. मग मी उघडच मागायला सुरुवात केली. मला भिंतीकडची जागा द्या, डोक्यावरचा एक दिवा बंद ठेवा, कानात बोळे घालू द्या, तातडीचं नसेल ते लिहून पाठवा आणि मागून हात लावू नका. मागितलेल्यातल्या कशालाही खर्च नव्हता. बरंचसं मिळालंही. माझं मी जे करते ते असं: सकाळी बसमधून एक थांबा आधी उतरून चालत येते. जेवण एकटीने, सुट्टीच्या सुरुवातीला नव्हे तर शेवटाला, गर्दी पांगल्यावर. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात घरी पाहुणे नाहीत, लग्नं नाहीत. खणात एक कार्ड असतं, "मला आत्ता बोलता येत नाही. लिहून विचारा, लिहून उत्तर देते." ते दाखवलं की समोरची माणसं शांत होतात. आवाज सहन करण्याची सवय होते, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सवय होत नाही, माणूस फक्त आजारी पडतो.

इतकं सगळं लिहून, सांगून टाका, मोकळे व्हा, असा सल्ला मला देववत नाही. माझं कळल्यानंतर लोक माझ्याशी हळू बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसे. लेखापरीक्षकांसमोर बसण्याचं काम, जे मी वर्षानुवर्षं केलं, ते "तुम्हाला त्रास नको" म्हणून दुसऱ्याकडे गेलं. ते काम मला आवडायचं. नोटिशीचा राग धरता येतो, पण इतक्या प्रेमाने काढून घेतलेल्या कामाबद्दल भांडायचं कुणाशी? कधीकधी वाटतं, नुसतीच उद्धट म्हणून राहिले असते तर बरं झालं असतं. आणि पुन्हा ड्रिल सुरू झालं, मी कार्ड काढून ठेवलं, कुणी काही न विचारता टेबलावर चिठ्ठी ठेवून गेलं, की तसं वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

सांगायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याआधी एक काम करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या यादीतल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. वाजवी सोयी देण्याची थेट जबाबदारी कलम 20 सरकारी आस्थापनांवर टाकतं, पण समान संधी धोरण जाहीर करण्याचं कलम 21 मधलं बंधन खासगी धरून प्रत्येक आस्थापनेवर आहे, आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. महाराष्ट्राच्या आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. तुमच्या कचेरीत ते धोरण कुठे लावलंय ते विचारा. स्वतःचं काही सांगायची गरज नाही, कुणीही विचारू शकतं. तुम्हाला स्वतःला कसलाच त्रास नसेल तर तुम्ही आधी विचारा.