नारकंड्याच्या वाटेवर

सिमल्याहून नारकंडा सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर. परंतु जानेवारीत हे अंतर नकाशावर दिसते तेवढे राहत नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान-तिबेट मार्ग म्हणून आखलेल्या या रस्त्याच्या एका अंगाला देवदारांची राई, दुसऱ्या अंगाला दरी. उन्हात डांबर कोरडे असते, आणि वळण घेऊन सावलीत शिरताच त्यावर बर्फाचा निसरडा थर लागतो.

आम्ही चौघे होतो. गाडी चंदीगडच्या मेहुण्यांची, वीस वर्षांहून जुनी. बँकेच्या हिशेबाने तिचा घसारा केव्हाच पूर्ण झाला होता. मेहुण्यांचा तिच्यावरील विश्वास मात्र शाबूत होता.

कुफ्री मागे पडल्यावर सौ. म्हणाली, "दादा, हीटरची हवा थंडच येते आहे." इंजिन अजून तापायचे आहे, असे उत्तर आले. वास्तविक काटा नेहमीपेक्षा वर सरकला होता. सौ.ला दम्याचा त्रास आहे. तिने शालीचा पदर नाकातोंडावर धरला आणि ती बोलेनाशी झाली. समोरची काच आतून धूसर होऊ लागली. वहिनी फडक्याने पुसत, आणि दोन वळणांत ती पुन्हा भरे. "नारकंड्याला पाहू, दाजी," असे मेहुणे म्हणाले, तेव्हा मी प्रथमच आवाज चढवला. ठियोगला गाडी थांबली.

तेथील वृद्ध मिस्त्रीने काटा पाहिला, हीटरपुढे हात धरला आणि पाणी कमी असल्याचे सांगितले. हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटरच. इंजिनचे गरम पाणी त्यातून फिरते व पंखा त्यावरून हवा सोडतो. पाणी घटले की त्यात हवा अडकते. इंजिन तापलेले आणि हीटर थंड, ही त्याची खूण. मेहुणे झाकण उघडू लागले, तर मिस्त्रीने त्यांचा हात धरला. आतील उकळते पाणी तोंडावर उडाले असते.

गाडी निवेपर्यंत आम्ही चहा घेतला. या पट्ट्याचा सारा व्यापार सफरचंदाचा. पुढे कोटगडला सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील लाल जातीची कलमे लावली, त्याचे हे फळ.

झाकण निघाले तेव्हा आत रंगहीन पाणी होते. उन्हाळ्यात गॅरेजवाल्याने पाइप बदलून साधे पाणी भरले होते आणि कूलंटचे पैसे वाचले म्हणून मेहुणेही खूश होते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. नारकंडा तर २,७०० मीटर उंचीवर. एका रात्रीत इंजिनला तडा जाऊ शकला असता. मिस्त्रीने सर्व पाणी काढून निम्मे कूलंट, निम्मे पाणी भरले. गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण उघडून, झाकण काढलेल्या स्थितीत इंजिन चालू ठेवले. बुडबुडे येत राहिले. ते थांबल्यावर आत ऊबदार हवा आली. सौ.ने शाल खाली घेतली. मेहुण्यांनी मागितले त्याहून जास्त पैसे दिले, हेही नमूद केले पाहिजे.

नारकंड्याला पोहोचेतो अंधार झाला. पहाटे अंगणात आवाज आला म्हणून पाहिले, तो कानटोपी घातलेले मेहुणे गाडी सुरू करून पाहत होते. पहिल्याच किल्लीला ती सुरू झाली. शेजारच्या बादलीतील पाण्याचा दगड झाला होता.