दोन बिस्किटं

परवा एका बारशाला गेलो होतो. घुगऱ्या, पेढा आणि फरसाणाचं पाकीट असा बेत होता. मी सवयीनं खिशातलं भिंग काढलं आणि पाकिटाची मागची बाजू वाचायला लागलो. शेजारी बसलेले गृहस्थ हसून म्हणाले, "काय सर, पेपर तपासताय का?"

म्हटलं, "हो. आणि हा नापास झालाय."

पाकिटावर गव्हाचं पीठ होतंच, शिवाय हिंगही होता. पाकीट त्यांच्या नातवाला दिलं. घुगऱ्यांच्या फोडणीत हिंग असणार म्हणून त्या पुतणीच्या बशीत सरकवल्या. पेढा घरच्या खव्याचा आहे असं यजमानीणबाईंना विचारून घेतलं आणि मग तो खाल्ला. गृहस्थ हे सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "पण एवढंसं खाल्लं तर काय होतं हो?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं चांगलं फार थोड्यांना माहीत असेल. पण ते बारशात सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगतो.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा. काळी जमीन आणि मालदांडी ज्वारी. लहानपणी तिन्ही त्रिकाळ भाकरी. पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. आणि पाहुण्याच्या ताटातली पोळी आम्ही भावंडं दाराआडून मोजायचो! मराठी घेऊन बी. ए. झालो, १९७३ साली शाळेत नोकरी लागली आणि पहिल्या पगाराला आईला सांगितलं, "आता आपल्याकडे रोज पोळी." त्या वेळी दुष्काळ नुकताच सरत होता. आईचे डोळे भरून आले. भाकरीवरून पोळीवर आलो ही माझ्या दृष्टीनं आयुष्यातली मोठी कमाई होती. ज्या गव्हाचा एवढा अभिमान बाळगला तो चाळीस वर्षांनी आपल्याला सोडायला लागेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

निवृत्तीनंतर तीनचार वर्षांनी थकवा यायला लागला. जिना चढला की धाप लागायची. हिमोग्लोबिन साडेसात. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, आकडा जागचा हलेना. पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, नको तो रोग तर नाही ना, म्हणून दुर्बिणीनं सगळं बघून झालं. शेवटी २०१४ साली एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली आणि लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला. निदान झालं: सीलिअ‍ॅक. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो. हा लहान मुलांचा रोग असंच मी ऐकून होतो. बाई म्हणाल्या, "काका, तो कुठल्याही वयात सापडतो."

त्यांनी समजावून सांगितलं ते फार सुरेख होतं. आपल्या लहान आतड्याला आतून टॉवेलसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, ते अन्नातलं सत्त्व शोषून घेतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या रोगात ते पोटात गेलं की शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर चालून जाते आणि टॉवेलाचं धोतर होतं, अगदी सपाट. मग लोह खा नाहीतर कॅल्शियम, अंगी लागत नाही. राय म्हणजे मोहरी नव्हे बरं का, ते थंड मुलखातलं एक धान्य आहे. फोडणीतल्या मोहरीला आपण राई म्हणतो, त्यामुळे आमच्याकडे पहिले आठ दिवस मोहरीही बंद होती!

औषध नाही. ग्लूटेन आयुष्यभर बंद, एवढाच उपाय. आणि हे कळायलाही वैद्यकाला बराच काळ लागला. हॉलंडमधले विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ १९३० च्या दशकापासून अशा मुलांचा गहू बंद करून बघत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. भोवतालची माणसं खंगत होती आणि ही मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला, मुलं परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी हे सगळं प्रबंधात मांडलं. योगायोग असा की माझं जन्मवर्षही तेच.

असो. घरी आल्यावर सौ.नं पदर खोचला. पोळी बंद, भाकरी सुरू. (आईची भाकरी परत आली म्हणायची!) मला तिनं दोनशे पानी वही आणून दिली आणि म्हणाली, "तुम्ही मास्तर ना? मग लिहा." पहिल्या पानावर मी मथळा दिला, 'गव्हाचे समानार्थी शब्द'. कणीक, मैदा, रवा, सोजी, दलिया, शेवया, कुरडई, चीक. पुढच्या पानावर लपून बसलेला गहू: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सोया सॉस. जवाचं सोंग म्हणजे माल्ट, तो शक्तिवर्धक पेयांत आणि मक्याच्या पोह्यांतही निघाला. दुसऱ्या बाजूला चालणाऱ्या वस्तू लिहिल्या: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, वरी, साबुदाणा, शिंगाडा. सौ. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला रोजच एकादशी."

हे सगळं ती मनापासून करत होती. आणि मी काय करत होतो?

रोज सकाळी फिरून आल्यावर आम्ही पाचसहा निवृत्त मंडळी नाक्यावरच्या टपरीवर चहाला बसायचो. चहाबरोबर बिस्किटं हा तिथला रिवाज. पहिले दोन महिने मी नको म्हणालो. मग रोज विचारणं आलं, रोज तेच समजावणं आलं. 'बिचारे सर, यांना काही चालत नाही' असं त्यांच्या नजरेत दिसायला लागलं. एक दिवस एकानं हातावर दोन बिस्किटं ठेवली. म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय!" मी खाल्ली. आणि खरंच काही झालं नाही. ना पोट दुखलं, ना जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी मीच हात पुढे केला.

फसगत नेमकी तिथेच आहे. पुष्कळांना थोडं ग्लूटेन गेल्याचं वरून काहीच कळत नाही, आतड्याची नासाडी मात्र चालू राहते. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज त्यातलं फक्त ५० मिलिग्रॅम, म्हणजे पावाचा चुरा म्हणावा एवढं, तीन महिने पोटात गेलं तरी आतडं बिघडतं, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन संशोधनात दिसलं. माझी दोन बिस्किटं त्याच्या कितीतरी पुढची. हे मी वाचलेलं होतं. वाचून खात होतो!

वर्षानं रक्त तपासलं. जो आकडा वीसच्या आत यायला हवा होता तो शंभराच्या वरच होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, बाहेर काही खाता का?" मी म्हणालो, "छे!" आणि शेजारी बसलेल्या सौ.नं मान खाली घातली. म्हणजे चूक आपल्या स्वयंपाकघरात आहे, असं तिनं धरलं.

तिथून तिचा शोध सुरू झाला. आधी पोळपाट, लाटणं, तवा वेगळा केला. लाकडाचं लाटणं जुनं, त्याच्या भेगांत कणीक बसलेली असणार, म्हणून ते मोलकरणीला देऊन टाकलं. मग एक दिवस दुपारी तिनं मला हाक मारली. "अहो, भिंग घेऊन या." तिच्या हातात हिंगाची डबी होती. मी वाचलं: खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. हिंग अस्सल स्वरूपात फार उग्र, म्हणून आपल्याकडे तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. आमच्याकडे हिंग कशात नव्हता? वरणात, आमटीत, ताकात, लोणच्यात, पापडात, गोड्या मसाल्यात. सौ.नं वर्षाचं लोणचं टाकून दिलं आणि देवापुढे बसून रडली. "मी वर्षभर माझ्या हातानं तुम्हाला विष घातलं." त्या वेळी बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, मनातून सुटल्यासारखंच वाटलं. गुन्हेगार सापडला होता ना, आणि तो मी नव्हतो.

सहा महिन्यांनी आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही. आता तिचा संशय गिरणीवर गेला. गव्हाच्या मागोमाग ज्वारी टाकली की पहिल्या पिठात गहू येतोच, हेही खरंच होतं. गिरणीवाला आमचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, सकाळी सगळ्यात आधी तुमचं दळतो." तरी तिचं समाधान होईना. एक दिवस घरी टेंपो आला आणि त्यातून घरघंटी उतरली. चारधामला जायचं म्हणून तिनं आठ वर्षं जमवलेले पैसे होते ते. मला विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणाली, "केदारनाथ कुठे पळून जात नाही."

पस्तीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली. समोर उभं राहून "मी नाही सर" म्हणणाऱ्या पोराचा चेहरा मला पाठ आहे. त्या रात्री आरशात तोच दिसला.

दिवा मालवल्यावर अंधारातच सांगितलं. टपरी, बिस्किटं, दीड वर्ष, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "रोज किती?"

"दोन."

"आणि मी लोणचं टाकलं तेव्हाही?"

"हो."

पुन्हा बराच वेळ गेला. मला वाटलं, झोपली. मग आवाज आला, "सकाळी ज्वारी दळायचीय. निवडून ठेवा. खडा राहिला तर घरघंटीची जाळी जाईल."

त्यानंतर चार दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी चपला घालून माझ्याबरोबर फिरायला निघाली आणि थेट टपरीवर आली. मंडळींना म्हणाली, "भावोजी, यांना बिस्किट देणार असाल तर आधी माझ्या हातात द्या." सगळे ओशाळले. चहावाल्यानं दुसऱ्या दिवसापासून शेंगदाण्याच्या चिक्कीची बरणी ठेवली. ती आजही आहे आणि आता बाकीचेही तीच खातात.

२०१७ साली आकडा वीसच्या खाली आला. हिमोग्लोबिन बारा झालं. हाडं मात्र तोवर ठिसूळ झाली होती ती झालीच.

आता पुष्कळ सोपं झालंय. २०२० च्या नियमांप्रमाणे पाकिटावर गहू, जव, राय, ओट यांचा समावेश असेल तर तसं ठळक सांगावं लागतं. 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. सत्यनारायणाचा प्रसाद मी कपाळाला लावून सौ.च्या हातात देतो, कोणी रागावत नाही. तरी नवी वस्तू घरात आली की आम्ही दोघं खिडकीपाशी उजेडात बसतो. मी भिंगातून मोठ्यानं वाचतो आणि ती ऐकते. ओळखीच्या वस्तूचंही पाकीट दर वेळी नव्यानं वाचायचं, कारण कारखानदार घटक बदलतात. माझं वाचून झालं की ती पाकीट हातात घेते आणि चष्मा लावून स्वतः एकदा वाचते.

मला त्याचा राग येत नाही. यायचा हक्कच नाही.

चारधाम अजून व्हायचंय. तिचे गुडघे आता कुरकुरतात आणि माझी हाडं ही अशी. यंदा दिवाळीनंतर मी पेन्शनमधून वेगळे पैसे काढायला सुरुवात केलीय, एका डब्यात. तिला सांगितलेलं नाही. एवढी एक गोष्ट लपवायला हरकत नसावी, काय म्हणता?