न्गांबाच्या झोळ्या

युगांडातल्या एंटेबेच्या धक्क्यावर पहिला प्रश्न आला तो तब्येतीचा. कुणाला सर्दी, खोकला, ताप? माणसाची साधी सर्दी चिंपांझीच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आजारी पाहुण्याला बेटावर प्रवेश नाही. मग लाइफ जॅकेट चढवून आम्ही व्हिक्टोरिया सरोवरात शिरलो. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. वाटेत विषुववृत्त ओलांडलं आणि साधारण २३ किलोमीटरवर न्गांबा बेटाची हिरवी कड पाण्यातून वर आली.

बेट जेमतेम १०० एकरांचं. त्यातलं जवळजवळ सगळं जंगल चिंपांझींचं. माणसांच्या वाट्याला किनाऱ्याचा छोटा तुकडा, तोही विजेच्या कुंपणाआड. १९९८ साली चिंपांझींचं हे आश्रयस्थान सुरू झालं. उभारणीत चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांच्या संस्थेचाही हात होता. आज इथे पन्नासच्या आसपास चिंपांझी राहतात. त्यांना पोहता येत नाही, त्यामुळे सरोवर हीच बेटाची भिंत.

अकराच्या सुमारास सेवक फळांच्या बादल्या घेऊन मचाणावर चढले. झाडीत आधी खोल हुंकार उठला, तो चढत चढत किंचाळीपर्यंत गेला आणि एकेक काळी आकृती उजेडात आली. पपया, गाजरं, कोबीचे गड्डे हवेतून उडू लागले. एका मादीने तळहात वर करून हात पुढे केला. मागण्याची ही खूण मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मग फणसाचे गरे आले. इकडे फणसाला ‘फेने’ म्हणतात. घरापासून इतक्या दूर तो ओळखीचा वास आला आणि मी क्षणभर कोकणात जाऊन आले.

एक गाजर कुंपणाखालून बाहेर घरंगळलं. एका तरुण नराने काटकी मोडली, तिची पानं ओरबाडली आणि गाजर आत ओढून घेतलं. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात १९६० साली गुडाल यांनी चिंपांझींना काड्यांनी वाळवी काढून खाताना पाहिलं, तेव्हा हत्यार बनवणारा प्राणी म्हणजे फक्त माणूस, ही समजूत मोडली. इथे ते दहा पावलांवर घडत होतं.

हे सगळे इथे आले कसे? बहुतेक जण पोरकी पिल्लं म्हणून. पिल्लू विकायचं तर आधी आई मारावी लागते, कारण ती जिवंत असताना त्याला सोडत नाही. आईचं मांस विकलं जातं आणि पिल्लू पाळीव प्राणी म्हणून. जंगल तुटतं, तारेचे फास लागतात, ते दुःख वेगळंच.

मला सर्वांत जड गेली ती दुसरी गोष्ट. इथल्या माद्यांना गर्भनिरोधक दिलं जातं. एवढ्या जंगलात पन्नास जणांचं पोट भरत नाही, म्हणून तर बाहेरून अन्न द्यावं लागतं. उद्या आणखी एखादं पोरकं पिल्लू आलं, तर त्याच्यासाठी जागा राखायला हवी. आईविना वाढलेल्यांना आई होऊ द्यायचं नाही, हा निर्णय क्रूर वाटतो. पण क्रौर्य निर्णय घेणाऱ्यांचं नाही, ते कुठल्याशा बाजारात आधीच होऊन गेलेलं असतं.

मी रात्री बेटावरच्या तंबूत राहिले. संध्याकाळी हाक देताच चिंपांझी जंगलातून निवाऱ्याकडे परतले. वाडग्यातून गरम पेज मिळाली. ती पिऊन ते वर टांगलेल्या झोळ्यांत शिरले. जंगलात पिल्लू पहिली चार-पाच वर्षं आईच्या फांद्यापानांच्या घरट्यात, तिच्या कुशीत झोपतं. आमच्याकडे तान्ह्याला झोळीत घालतात, तेव्हा कुणीतरी दोरी हलवत बसलेलं असतं. इथल्या झोळ्या मोठ्या, झोपणारेही आता मोठे. अंधार पडेपर्यंत एका झोळीतून बाहेर लोंबणारा लांब हात मला दिसत होता.